स्वतःहून सांधणारे पॉलिमर आणि नॅनोकणांची भूमिका

तडा गेल्यावर किंवा कापले गेल्यावर बाहेरून डिंक अथवा ठिगळ न लावता पुन्हा जुळून येणाऱ्या पॉलिमर पदार्थांना ‘स्वयंदुरुस्त पॉलिमर’ म्हणतात. प्लास्टिक, रबर किंवा रंगाच्या थरात प्रथम डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म भेग पडते. ती वाढत जाऊन अखेरीस वस्तू निकामी होते. ही भेग आरंभीच बुजवता आली, तर वस्तूचे आयुष्य वाढते आणि कचराही घटतो.

या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) महत्त्वाचे योगदान आहे. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि डॉ. शायनी वर्गीस यांनी धातूच्या आयनांच्या साहाय्याने सांधल्या जाणाऱ्या जेलविषयीचा शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे वर्गीस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील गटाने माशेलकर व लेले यांच्या सहभागाने जलद सांधणारे हायड्रोजेल विकसित केले. हे काम २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. या जेलमधील रेणूंच्या मुख्य साखळीला लोंबत्या उपसाखळ्या जोडलेल्या होत्या. आम्लयुक्त द्रावणात दोन तुकडे एकमेकांना टेकवताच उपसाखळ्यांच्या टोकांमध्ये हायड्रोजन बंध तयार होत आणि तुकडे काही सेकंदांत जुळत. द्रावण अल्कधर्मी केल्यास ते पुन्हा विलग होत. उपसाखळीची लांबी येथे निर्णायक ठरली. आखूड उपसाखळी समोरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही, तर फार लांब उपसाखळ्या पाण्यापासून दूर राहण्यासाठी आपापसांतच गोळा होतात. जठरातील वातावरण आम्लयुक्त असल्याने तेथील छिद्रे बुजवणे व औषध पोहोचवणे, तसेच आम्लाची गळती रोखणे, असे संभाव्य उपयोग संशोधकांनी सुचवले.

मात्र, या क्षेत्रात एक मूलभूत अडचण आहे. भेग सांधण्यासाठी रेणूंच्या साखळ्यांना हालचालीची मोकळीक हवी असते. मजबुतीसाठी मात्र त्या घट्ट बांधलेल्या असाव्या लागतात. त्यामुळे सहज सांधणारे पदार्थ बहुधा मऊ असतात आणि भार पेलणारे पदार्थ सहज सांधत नाहीत.

नॅनोकणांचा उपयोग येथे होतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या सूक्ष्म कणांचा पृष्ठभाग त्यांच्या वजनाच्या मानाने प्रचंड असतो. त्यामुळे थोड्या प्रमाणात मिसळूनही ते असंख्य साखळ्यांना धरून ठेवतात. ही पकड कायमस्वरूपी रासायनिक बंधांची नसल्यास ती सुटून पुन्हा जुळू शकते. जपानी शास्त्रज्ञ काझुतोशी हारागुची यांनी २००२ मध्ये चिकणमातीच्या नॅनोचकत्यांनी बांधलेले, कित्येक पट ताणता येणारे हायड्रोजेल सादर केले. अशी जेल कापल्यावर पुन्हा सांधतात, हे २०११ मध्ये दाखवण्यात आले. फ्रान्समधील लुडविक लायब्लेर यांच्या गटाने २०१४ मध्ये सिलिकाच्या नॅनोकणांचे द्रावण लावून जेलचे तुकडे आणि प्राण्याच्या यकृताचे कापही जोडून दाखवले. ग्राफीन किंवा काही धातूंचे नॅनोकण प्रकाश शोषून तापतात. त्यामुळे फक्त भेगेच्या जागी उष्णता देऊन दुरुस्ती घडवता येते.

कण वाढवले की गुण वाढतात, असे मात्र नाही. नॅनोकण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या, तर तेथूनच नवी भेग सुरू होऊ शकते. कणांचे प्रमाण जास्त झाल्यास साखळ्या जखडल्या जाऊन सांधण्याची क्रिया मंदावते. भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकणे आवश्यक असते. धूळ बसल्यास जोड कच्चा राहतो. त्यामुळे अशा पदार्थाची पारख करताना एकदा सांधल्यावर मूळ मजबुतीचा किती भाग परत मिळतो, त्यास किती वेळ लागतो आणि त्याच जागी पुन्हा तडा गेल्यास तो पुन्हा सांधतो का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात.