हाडात सापडले, काविळीत कामी आले: अल्कलाइन फॉस्फेटेजची गोष्ट

साक्री परिसरातला काविळीचा रुग्ण दवाखान्यात येतो, तेव्हा पुष्कळदा गळ्यात माळ असते किंवा झाडपाल्याचे औषध घेऊन झालेले असते. मग रिपोर्ट पुढे करून प्रश्न येतो, "डॉक्टर, बिलिरुबिन समजलं, पण हे अल्कलाइन फॉस्फेटेज काय आहे?" या तपासणीचा इतिहास समजून घेतलात, तर उत्तरही मिळेल.

१९२३ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन वाढत्या हाडांचा अभ्यास करत होते. हाडात चुना साठवायला मदत करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांना सापडले. यकृताचा तेव्हा काहीच संबंध नव्हता. पुढे १९३३ मध्ये डब्ल्यू. एम. रॉबर्ट्स यांनी दाखवले, की पित्ताची वाट अडल्यामुळे होणाऱ्या काविळीत हेच विकर रक्तात खूप वाढते. १९३४ मध्ये किंग आणि आर्मस्ट्राँग यांनी ते मोजण्याची सोपी पद्धत दिली. जुन्या रिपोर्टवर दिसणारे 'के. ए. युनिट' त्यांच्याच नावाचे.

आधी समज असा होता, की हाडातले हे विकर यकृताला बाहेर टाकता येत नाही म्हणून ते रक्तात साठते. नंतर कळले, की पित्त तुंबले की यकृताच्या पेशी स्वतःच ते जास्त तयार करतात.

१९५५ च्या सुमारास एसजीओटी, एसजीपीटी आल्या आणि चित्र स्पष्ट झाले. यकृताच्या पेशींना इजा झाली, जसे विषाणूंच्या काविळीत होते, तर या दोन जास्त वाढतात. पित्तनलिका खडा किंवा गाठीमुळे अडली, तर अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त वाढते.

हा फरक महत्त्वाचा का? दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. पण अडलेली नलिका माळेने मोकळी होत नाही. तिथे वाट पाहण्यात गेलेले आठवडे फार महाग पडतात.

मात्र हा आकडा वाढला म्हणून लगेच घाबरू नका. वाढत्या वयाची मुले, गरोदरपणाचे शेवटचे महिने, भरून येणारे फ्रॅक्चर, ड जीवनसत्त्वाची कमतरता, यातही तो वाढतो. मूळ हाडात आहे की यकृतात, हे ठरवायला जीजीटी तपासणी मदत करते. हाडाच्या आजारात जीजीटी वाढत नाही. दारूने मात्र ती वाढते, म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका.

डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खाज असेल, तर रक्ततपासणीसोबत पोटाची सोनोग्राफी लवकर करून घ्या. कावीळ असताना थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. माळ घालायची तर घाला, पण आधी तपासणी करा.