सीताबर्डीची लढाई फळीवर मांडतांना

शिशाचे शिपाई मांडून लढाईचा देखावा करणें हा पोरखेळ होय, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही तसेंच वाटे. गोंदियाकडे आमच्या बालपणीं शिपायापेक्षां तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचाच मान मोठा! पण पुढें असे शिपाई जमविण्याचा छंद जडला, आणि त्यांस कपाटांतून काढून एखाद्या रणांगणावर उभें करावें असें वाटूं लागलें. वॉटर्लूचे शिपाई सहज विकत मिळतात; तें रणांगण आम्हांस नको होतें. आमचा हा प्रदेश ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत मोडत असे, त्यांचें दैव २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजीं सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर फिरलें. पुढल्याच वर्षीं गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. तेव्हां सीताबर्डीच मांडावयाची असें ठरलें.

पहिली अडचण मापाची. आमचा शिपाई ५४ मिलिमीटर उंच, म्हणजे मनुष्याचा सुमारें बत्तिसावा हिस्सा. दोन टेकड्यांमधील अंतर सुमारें ३०० यार्ड. त्याच मापानें तें २८ फूट भरतें. तितका दिवाणखाना आणावा कोठून? म्हणून भूमि लहान आणि माणसें मोठीं, ही विसंगति पत्करावी लागली. इंग्रजांकडील लोक चौदाशेंच्या आसपास, आप्पासाहेबांकडील १८,००० सांगतात. पन्नासांस एक धरला तर २८ विरुद्ध ३६०. आमच्या एका तरुण मित्रानें दिवाळींतल्या संवयीनें मोठ्या टेकडीवर सुंदर बुरूज उभारले होते. परंतु तेथें आज दिसणारा किल्ला लढाईनंतर इंग्रजांनीं बांधिला. तेव्हां बुरूज मोडावे लागले. त्याचें त्यास वाईट वाटलें, व आम्हांसही.

खरा प्रश्न क्षणाचा. फळीवर काळ थांबतो; कोठें थांबवावा, हें मांडणाऱ्याच्या हातीं. २७ तारखेस सकाळीं लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोंधळ माजला, आणि भोसल्यांच्या अरबांनीं ती घेतली. पुढें कॅप्टन फिट्झजेरल्डनें बंगालच्या घोडेस्वारांनिशीं हल्ला केला, लहान टेकडीही परत गेली, व लढाई इंग्रजांनीं जिंकली. विजेत्यानें मांडावयाचें तर घोडे दौडतांना दाखवील. सिबोर्ननें १८३८ सालीं वॉटर्लूची हजारों शिपायांची प्रतिकृति पुरी केली, तेव्हां प्रशियन सैन्य इतकें पुढें कां दाखविलें यावरून वेलिंग्टनच्या बाजूनें आक्षेप आला. अखेर त्यास पुष्कळ प्रशियन उचलावे लागले. शिशाच्या शिपायांवरूनही असे तंटे होतात!

आम्ही अरब लहान टेकडीवर उभे असतांनाचा क्षण घेतला. तो आमच्या आवडीचा आहे, हें कबूल. पण केवळ तेवढाच दाखवून कड झांकणें अप्रामाणिक झालें असतें. म्हणून खालच्या मैदानांत फिट्झजेरल्डचे स्वार, घोड्यांवर चढलेले पण अद्याप न निघालेले, ठेविले आहेत.

राहिला रंग. अरबांच्या कमरेस जंबिया काढणें सोपें. परंतु टेकड्या धरून बसलेले लाल डगलेवाले बहुतेक सारे मद्रासचे देशी शिपाई होते. विकतचे लाल डगलेवाले गोऱ्या तोंडाचे येतात. ते तसेच उभे केले असते तर पाहणाऱ्यास लढाई समजावयास सोपी गेली असती. एका बाजूस आपण, दुसऱ्या बाजूस ते. आम्हीं सत्ताविसांचीं तोंडें सांवळीं करून घेतलीं; अठ्ठाविसावा अधिकारी. स्वार रंगवावयाचे अद्याप राहिले आहेत.