एक्का, दुर्री आणि संस्कृतचा महाकोश

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशासाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या धातूच्या खणांत ओळीने उभ्या आहेत. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. १९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी हे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले आणि ते वाचताना शब्दाचा एकेक प्रयोग एकेका चिठ्ठीवर उतरला: शब्द, त्याचे वाक्य, ग्रंथ आणि त्यातले स्थळ. हे ज्या दालनात चालते त्याला तिथे ‘स्क्रिप्टोरियम’च म्हणतात. हेच नाव जेम्स मरे यांनी आपल्या इंग्रजी कोशाच्या पत्र्याच्या खोलीला दिले होते, त्यामुळे पुण्याच्या चिठ्ठीचे कूळ सांगणारे सहसा ऑक्सफर्डपाशी थांबतात. मला ते मधले ठाणे वाटते. तिथून मागे गेले की वाट जर्मनीत याकोब ग्रिमच्या टेबलापाशी पोचते आणि तिथून थेट क्रांतीच्या काळातल्या पॅरिसमध्ये, खेळण्याच्या पत्त्यांपाशी.

फ्रान्समध्ये १७८९ साली चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली आणि तिच्याबरोबर मठांचे ग्रंथसंग्रहही आले. लाखो पुस्तके गावोगावी पडून होती, ती मोजायला जाणकार माणसे नव्हती. १७९१ मध्ये सरकारने सूचना काढल्या: पुस्तकाची माहिती खेळण्याच्या पत्त्यावर लिहावी, लेखकाच्या आडनावाखाली रेघ ओढावी, पत्ते अकारविल्हे लावावेत आणि डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून दोरा ओवून गठ्ठे पॅरिसला पाठवावेत. पत्तेच का? कागद जाड, माप सारखे, माल कुठल्याही गावात मिळणारा. आणि त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. लांबलचक नावांच्या ग्रंथांसाठी एक्के आणि दुर्र्या राखून ठेवायच्या होत्या, कारण त्यांच्या चित्राच्या बाजूलाही लिहायला जागा उरते. कुणा व्यवहारी माणसाने हे कलम घातले असणार, आणि मला ते सगळ्या सूचनांत सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यांवर हे जमले नसते. त्या गोल आणि लाखेचा लेप दिलेल्या.

यावर पहिला आक्षेप असा की सुटी चिठ्ठी त्याआधीही होती. झुरिकच्या कॉनराड गेस्नरने १५४८ मध्येच टिपणे एका बाजूला लिहून, कात्रीने कापून, हवी तशी लावण्याची रीत छापून सांगितली होती. पण त्याच्या चिठ्ठ्या अखेर चिकटवण्यासाठी होत्या. सुटेपण ही मधली पायरी होती. उप्सालाच्या विद्यापीठात शिकवणारा लिनियस उतारवयात वनस्पती-प्राण्यांची माहिती सारख्या मापाच्या कागदांवर ठेवू लागला, पण ते त्याचे खाजगी साधन राहिले. खरा प्रतिस्पर्धी आहे व्हिएन्ना. तिथल्या राजग्रंथालयात १७८० पासून गॉटफ्रीड व्हान स्वीटेनच्या देखरेखीखाली पुस्तकांची यादी चिठ्ठ्यांवर झाली आणि पेट्यांत भरली गेली. ती पॅरिसच्या आधीची आहे, हे निर्विवाद. तरी मूळपुरुषाचा मान मी पत्त्यालाच देतो. व्हिएन्नाच्या चिठ्ठ्या एका इमारतीत, एका अधिकाऱ्याच्या नजरेखाली लिहिल्या गेल्या. फ्रान्समध्ये एकमेकांना कधीही न भेटलेले कारकून शेकडो ठिकाणी एकाच मापावर, एकाच रीतीने लिहीत होते, आणि त्यांचे लेखन दुसरीकडे एकत्र लागणार होते. कोशाला नेमके हेच लागते.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे: सुटी पाने आपल्याकडे होतीच की! ताडपत्राला भोक पाडून दोरा ओवलेला असे, कागदी पोथी दोन फळ्यांमध्ये धरून रुमालात बांधत. दोऱ्याचे साम्य मोह पाडणारे आहे खरे. पण पोथीचे पान सुटे असले तरी स्वतंत्र नसते. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर वाहत जाते आणि पत्रांक त्याची जागा कायमची ठरवतो. शिवाय आपले कोश पाठांतरासाठी रचले गेले. अमरकोश छंदात आहे, अर्थाच्या वर्गांनी लावलेला आहे. मुखोद्गत असलेल्या कोशाला खणांची गरज नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. कोशकार ग्रंथपालांकडे कशाला पाहतील? सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशासाठी पुस्तकांत खुणा करून लेखनिकांकडून उतारे काढवून घेतले होते. मग ऑक्सफर्डचा पूर्वज लंडनमध्येच का नसावा? कारण जॉन्सनचे लेखनिक त्याच्या माडीवर बसत. दूरच्या मदतनीसांकडून चिठ्ठ्या मागवण्याची पद्धत ग्रिम बंधूंनी १८३८ पासून जर्मन कोशासाठी बसवली, आणि १८५७ मध्ये लंडनच्या भाषाशास्त्रीय सभेपुढे नव्या कोशाची मागणी करणाऱ्या रिचर्ड ट्रेंचने दाखला दिला तो ग्रिम यांच्या मदतनीसांचा. आता याकोब ग्रिमचे चरित्र पाहावे. १८०५ मध्ये तो आपला गुरू साविन्यी याच्या मदतीला पॅरिसच्या ग्रंथालयात बसून हस्तलिखिते चाळत होता. १८०८ मध्ये नेपोलियनचा भाऊ जेरोम कासेलच्या गादीवर असताना त्याने ग्रिमला आपला खाजगी ग्रंथपाल नेमले. नेपोलियनच्या पाडावानंतर फ्रेंचांनी नेलेले ग्रंथ परत मिळवायला तो पुन्हा पॅरिसला गेला. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे हा माणूस फ्रेंच ग्रंथव्यवहारात वावरला. पत्त्यांचे गठ्ठे त्याने पाहिल्याची नोंद मी पुढे करू शकत नाही, पण पाहिले नसतील हे मला पटत नाही.

पुढचा प्रवास ओळखीचा आहे: १८७९ मध्ये मरे यांच्याकडे आलेल्या दोनेक टन चिठ्ठ्या, १,०२९ खणांची खोली, ऑक्सफर्डला स्थलांतर. माप मात्र बदलत गेले. लंडनकरांनी नोटपेपरचा अर्धा ताव धरला. माप सारखे हवे हा नियम तेवढा टिकला आणि कूळ त्यावरूनच ओळखायचे.

या कुळाचा एक जन्मजात दोषही सोबत आला. पोथीतले एक पान गेले की पत्रांक तुटतो आणि चोरी उघड होते. चिठ्ठी कुणाचीच वाट अडवत नाही, म्हणून तिचे जाणेही दिसत नाही. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या तेव्हा त्यांतल्या काही चूल पेटवायला खपल्या होत्या. ‘बॉन्डमेड’ या शब्दाचा गठ्ठा हरवला आणि तो शब्द छापील कोशातून पूर्ण गळला. पुण्यात हा धोका अधिक गंभीर आहे. डॉ. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ पासून खंड निघू लागले, तीसहून अधिक झाले, आणि मजकूर अजून ‘अ’मध्येच आहे. इतर अक्षरांपुरता कोश म्हणजे त्या चिठ्ठ्याच. छापील प्रत हाताशी नाही. म्हणून संगणकावर त्यांच्या प्रतिमा घेताना शब्द उतरवून घेतला की भागले, असे मानू नये. दोन्ही बाजू, कोपऱ्यातल्या खुणा, दुसऱ्या हाताने केलेल्या दुरुस्त्या, चिठ्ठी कुठल्या खणात कितवी होती तो क्रमांक, हे सगळे प्रतिमेबरोबर नोंदले पाहिजे. पोथीला पत्रांक होता. चिठ्ठीला तो आता तरी द्यावा.