साखरखेर्डा ते श्रीरंगम

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये मोठी लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजामुल्मुल्क जिंकला. त्याने गावाला फत्तेखेर्डा नाव दिले आणि हैदराबादची सत्ता उभी राहिली. इथवरची हकीकत आमच्याकडे सांगितली जाते. मी आज तिचा पुढचा टप्पा सांगणार आहे. तो घडला कावेरीच्या एका बेटावर.

तिरुचिरापल्लीजवळ कावेरीला फाटा फुटतो. उत्तरेला कोळ्ळिडम, दक्षिणेला कावेरी आणि मध्ये श्रीरंगम बेट. कावेरीचा त्रिभुज प्रदेश इथूनच सुरू होतो. बेटावर सात तटांचे प्राचीन विष्णुमंदिर आहे. चहूकडे पाणी, आत उंच भिंती. फौजेला याहून भक्कम आसरा कोणता?

कर्नाटकची नवाबी निजामाच्या अखत्यारीतली. तिरुचिरापल्ली १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी घेतली व चंदासाहेबाला कैद केले. १७४३ मध्ये निजामाने ती मराठ्यांकडून घेतली. १७४८ मध्ये निजाम वारला आणि वारसांची भांडणे पेटली. सुटून आलेल्या चंदासाहेबाला फ्रेंचांनी हाताशी धरले, महंमद अलीला इंग्रजांनी.

१७५२ मध्ये चंदासाहेब आणि फ्रेंच सेनानी लॉ तिरुचिरापल्लीचा वेढा उठवून श्रीरंगमवर गेले. दक्षिणेला लॉरेन्स होता. क्लाइव्हने कोळ्ळिडमपलीकडे ठाणे मांडून उत्तरेची वाट बंद केली. पाँडिचेरीहून निघालेली कुमक वाटेतच शरण गेली. बेटावर दाणागोटा संपत आला. जूनमध्ये चंदासाहेब तंजावरच्या सेनापतीच्या हवाली झाला आणि त्याचा शिरच्छेद झाला. लॉने शस्त्रे खाली ठेवली.

या लढाईत कोण कोणाच्या बाजूला होते, ते पाहा. मंदिराच्या आवारात मुसलमान चंदासाहेबाची छावणी. समोर मुसलमान महंमद अली. त्याच्या मदतीला तंजावरचे भोसले, मुरारराव घोरपडे आणि म्हैसूरची फौज. इतिहासातल्या लढाया धर्माच्या खात्यावर मांडणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

मग जिंकले कोण? १७९९ मध्ये तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला, १८०१ मध्ये कर्नाटकचा. जे पाणी राखण करते, तेच वेळ आली की वाट अडवते, हे श्रीरंगमने लॉला शिकवले. परक्या फौजेचा आसराही तसाच असतो. महंमद अलीच्या घराण्याला ते कळायला पन्नास वर्षे लागली.