आयएमए : ठेवीदार नव्हे, भागीदार

2006 साली मोहम्मद मन्सूर खान यांनी बंगळुरूत ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ काढली. शिवाजीनगरात तिला सगळे नुसते ‘आयएमए’ म्हणत. व्याज हराम मानणाऱ्या कुटुंबांची बचत कुठे ठेवायची, हा प्रश्न खरा होता. त्याला बँकांकडे उत्तर नव्हते आणि आजही फारसे नाही. 1949 चा बँकिंग नियमन कायदा बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही. इस्लामी वित्तातला ‘मुराबहा’, म्हणजे वस्तू विकत घेऊन ठरलेल्या नफ्यासह ग्राहकाला विकणे, तर त्याच खरेदी-विक्रीवर उभा आहे. 2008 मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली; 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. दरम्यान, 2016 मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीत बिनव्याजी कर्जांचा छोटा प्रयोग केला, पण तो छोटाच राहिला. मलेशियाने मात्र 1983 मध्येच यासाठी वेगळा कायदा केला होता.

या पोकळीत आयएमए वाढली. सोन्याचे दुकान आले, औषधांची दुकाने आली, शिवाजीनगरातल्या सरकारी शाळेवर खर्च झाला. नाव झाले, विश्वास बसला. पैसे मात्र ठेव म्हणून घेतले जात नव्हते. मर्यादित दायित्व भागीदारी संस्था काढून गुंतवणूकदारांनाच भागीदार केले जाई. ठेव नाही, म्हणजे ठेवींचे नियम नाहीत! दरमहा अडीच-तीन टक्के ‘नफा’ खात्यात पडत असे. खरे तर शंका इथेच यायला हवी होती. नफा-तोट्यातल्या भागीदारीत महिन्याचा आकडा इतका स्थिर राहूच शकत नाही. तो व्याजासारखा वागू लागला, की धर्माच्याच कसोटीवर व्यवहार नापास होतो. पण ती कसोटी लावणारी अधिकृत यंत्रणा देशात कुठे होती? रिझर्व्ह बँक ठेव शोधत होती आणि पोलीस तक्रारीची वाट पाहत होते. रिझर्व्ह बँकेने राज्य सरकारला सावध केले, महसूल खात्याने चौकशीही केली. निष्पन्न झाला तो कंपनीला सोयीचा अहवाल. पुढे त्याच प्रकरणात महसूल अधिकाऱ्यांना अटक झाली.

जून 2019 मध्ये खान यांची म्हणून एक ध्वनिफीत व्हॉट्सॲपवर फिरली आणि लेडी कर्झन रोडवरच्या कार्यालयासमोर माणसांचा लोंढा आला. संस्थापक तोवर दुबईला पोहोचले होते. तिथून त्यांनी चित्रफितीतून खुलासे केले. मोबाईलने बातमी घरोघरी पोचवली होती. जुलैत दिल्ली विमानतळावर त्यांना अटक झाली. सुमारे 4,000 कोटींचा घोटाळा, तक्रारदार 40 हजारांवर. विशेष तपास पथकाकडून प्रकरण सीबीआयकडे गेले. ठेवीदार संरक्षणाच्या राज्य कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याने 2020 च्या अखेरीस दावे मागवले, तेही ऑनलाइन. ज्यांना आयएमएने भागीदार म्हटले, त्यांना आपण ठेवीदार असल्याचे आता संगणकावर नोंदवायचे होते.

केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा जुलै 2019 मध्येच संसदेत मंजूर झाला. त्यातल्या ‘ठेव’ या व्याख्येतून काही रकमा वगळल्या आहेत. भागीदारी संस्थेत किंवा मर्यादित दायित्व भागीदारीत भागीदारांनी भांडवल म्हणून घातलेली रक्कम त्यांपैकीच एक आहे.