मदुराईचं भिंग

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा तो जाड भिंगांचा चष्मा आता बघायलाही मिळत नाही. पूर्वी डोळ्यातलं गढूळलेलं भिंग काढून टाकायचे आणि त्याची भरपाई नाकावर करायचे. समोरचं सगळं फुगलेलं दिसे, कडेचं धड दिसतच नसे आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा.

भिंग डोळ्यातच बसवायची कल्पना लंडनची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिकचे कण घुसत. पण डोळा ते निमूटपणे खपवून घेई. हे हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी हेरलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. व्यवसायबंधूंनी पुढची कित्येक वर्षं नाकं मुरडली. भिंगाला खरी प्रतिष्ठा आली ती १९८०च्या दशकात, आणि तोवर त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात किंवा त्याहूनही वर गेली होती.

इथून गोष्ट मदुराईला येते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले १९७६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. तरुणपणीच्या संधिवातानं बोटं कायमची वाकडी झालेली. त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करत. अकरा खाटांचं ‘अरविंद’ हे नेत्र रुग्णालय त्यांनी भावंडांच्या साथीनं काढलं. हिशेब सरळ होता : ज्याला परवडतं त्यानं पैसे द्यावेत, त्यातून उरेल त्यावर बाकीच्यांचं फुकट व्हावं. शस्त्रक्रियांची संख्या वाढवत नेली की दर शस्त्रक्रियेचा खर्च उतरत जातो, यावर सगळा डोलारा उभा होता.

परदेशी भिंगानं नेमका हाच हिशेब बिघडवला. पैसे देणाऱ्याच्या डोळ्यात भिंग आणि फुकट उपचार घेणाऱ्याच्या नाकावर तो जुना चष्मा, अशी दोन टोकं एकाच रुग्णालयात दिसू लागली. अमेरिकेतून दानात भिंगं येत, पण दानाची पेटी रिकामी झाली की संपलं. गरीब देशांना हे भिंग झेपणार नाही, असं मोठमोठ्या संस्थांमधले जाणकार तेव्हा बजावत होते. मला त्यात काळजीपेक्षा आळसच जास्त दिसतो. भिंग इतकं महाग का, हे विचारायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

ते विचारलं सेवा फाउंडेशनच्या डेव्हिड ग्रीन यांनी. प्लॅस्टिक मुळात स्वस्त. ते कोरायचं, घासून गुळगुळीत करायचं, निर्जंतुक करून डबीत भरायचं; काम नाजूक खरं, पण त्याचा खर्च विक्रीच्या किमतीच्या जवळपासही जात नव्हता. मग अमेरिकेतल्या एका कंपनीकडून तंत्र घेतलं आणि १९९२ साली मदुराईत ‘अरविंद’ची भिंगं बनवणारी ‘ऑरोलॅब’ सुरू झाली. आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना शिकवून कामावर घेतलं. भिंग सुरुवातीला दहा डॉलरच्या आसपास विकलं जाई, पुढे साधं भिंग पाचाच्याही खाली आलं.

यात धर्मादाय म्हणावं असं फारसं काही नव्हतं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. ऑरोलॅब विश्वस्त संस्थेची असली तरी भिंग विकूनच चाललेली आहे. उरलेला नफा कुण्या भागधारकाच्या खिशात न जाता पुन्हा कामातच पडतो. नफ्याबरोबर समाजाचंही भलं व्हावं म्हणून पैसा गुंतवण्याला ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हे नाव इटलीतल्या बेलाजिओच्या बैठकीत २००७ साली ठरलं. तोवर मदुराईची भिंगं कितीतरी देशांत पोचली होती. तिकडे काठमांडूत डॉ. सांदुक रुइत यांच्या तिलगंगा नेत्र केंद्रानंही, ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या संस्थेच्या मदतीनं, नव्वदच्या दशकातच स्वतःचा भिंगांचा कारखाना घातला.

स्वस्त भिंग बाजारात आल्यावर बाकीच्या उत्पादकांनाही भाव उतरवावे लागले. ऑरोलॅबनं मग आपला मोर्चा डोळ्याला घालायच्या टाक्यांच्या दोऱ्याकडे वळवला. तोही परदेशातूनच येत होता आणि तोही अवाच्या सवा दरानं.