‘लाइफ ऑफ ओहारू’ : चित्रपटाचा शेवट

केंजी मिझोगुची (१८९८–१९५६) यांच्या ‘सायकाकु इचिदाई ओन्ना’ (१९५२) या जपानी चित्रपटाचा अखेरचा भाग. परदेशांत हा चित्रपट ‘लाइफ ऑफ ओहारू’ या नावाने ओळखला जातो. इहारा सायकाकु (१६४२–१६९३) यांच्या १६८६ मधील कादंबरीवर आधारलेला हा ‘जिदाइगेकी’, म्हणजे ऐतिहासिक काळात घडणारा चित्रपट असून ओहारूची भूमिका किनुयो तानाका यांनी केली आहे.

क्योतोच्या राजदरबारात सेवेला असलेली ओहारू कात्सुनोसुके या कनिष्ठ दर्जाच्या तरुणावर प्रेम केल्यामुळे हद्दपार होते आणि त्याचा शिरच्छेद केला जातो. पुढे मात्सुदाइरा या सरदार घराण्याला वारस मिळावा म्हणून तिला उपपत्नी केले जाते. मुलगा होताच तिची माघारी पाठवणी होते आणि कर्जात बुडालेला बाप तिला क्योतोतील शिमाबारा या वेश्यावस्तीत विकतो. उतारवयात रस्त्यावर गिऱ्हाइके शोधणारी ओहारू एका देवळात अर्हतांच्या, म्हणजे निर्वाण साधलेल्या बौद्ध साधकांच्या, मूर्तींसमोर उभी राहते, त्यांतील एका मूर्तीत तिला कात्सुनोसुकेचा चेहरा दिसतो आणि तेथून तिची पूर्वकथा सुरू होते.

कथा पुन्हा त्या देवळात येते, तेव्हा ओहारू कोसळते. मुलगा आता घराण्याचा प्रमुख झाल्याची बातमी घेऊन आई तिला गाठते. मायलेकरांची भेट होणार, अशी प्रेक्षकाची अपेक्षा असतानाच घराण्याचे कारभारी तिला कुळाला काळिमा फासल्याबद्दल खडसावतात आणि मुलाला केवळ दुरून पाहण्याची मुभा देतात. तो लवाजम्यासह तिच्यासमोरून निघून जातो. ती त्याच्यामागे धावते, अडवली जाते आणि अखेर पहारेकऱ्यांचा डोळा चुकवून निसटते. शेवटच्या दृश्यात ती दारोदार भिक्षा मागते, दूरच्या पॅगोड्याला हात जोडते आणि चालत चौकटीबाहेर जाते.

कादंबरीचा शेवट वेगळा आहे. तिथली निनावी नायिका मूर्तींमध्ये आपल्या अनेक प्रियकरांचे चेहरे पाहते, जीव देऊ पाहते, वाचवली जाते आणि झोपडीत राहून दोन तरुणांना आपली कहाणी सांगते. पटकथाकार योशिकाता योदा व मिझोगुची यांनी अनेक चेहऱ्यांच्या जागी एकच चेहरा ठेवला आणि मुलाचा प्रसंग नव्याने घातला. त्यामुळे कादंबरीतील उपरोधाची धार कमी झाली असली, तरी स्त्रीला विकणारी व तिलाच दोषी ठरवणारी घराणेशाही ठळकपणे पुढे आली.

ओहारूचे भिक्षेकरी होणे काही समीक्षकांना आध्यात्मिक मुक्ती वाटते. मात्र ज्या व्यवस्थेने तिला या अवस्थेला आणले ती शेवटपर्यंत तशीच राहते, म्हणून या शेवटाला सुखान्त म्हणता येत नाही. १९५२ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक विभागून मिळाले.